रंग नको, पीळ बघा

विदर्भातल्या जुन्या मातीच्या घरांच्या भिंती चांगल्या हातभर जाड. छपरीतल्या राउटरचं वायफाय आतल्या खोलीत पोचेपर्यंत पार मरगळतं. मग लॅन केबल ओढणं हाच खात्रीचा उपाय. तालुक्याच्या दुकानात केबल मीटरवर मिळते, कनेक्टर मिळतात आणि सोबत सल्लाही मिळतो, ‘रंग पाहून लावा.’ अंध माणूस इथेच हात आखडता घेतो. त्याची काही गरज नाही. विजेला रंग कळत नाही, तिला जोडी लागते.

केबलमध्ये आठ तारा असतात, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं. जोडीतल्या दोन तारांतून उलटसुलट संकेत जातात. शेजारी मोटरपंप सुरू झाला तर त्याचा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र फक्त दोघींतला फरक मोजतं, म्हणून तो उपद्रव वजा होतो. जोड्यांनी एकमेकींतही लुडबुड करू नये म्हणून प्रत्येकीचा पीळ वेगळा ठेवतात. एखादीचा वेढा दीड सेंटिमीटरचा, तर दुसरीचा दोनच्या आसपास.

हा फरक नखाला लागतो. वरचं आवरण वीतभर सोला, जोड्या शेजारी धरा आणि नख फिरवा. सहसा सर्वांत घट्ट आणि सर्वांत सैल जोडी लवकर सापडते. मधल्या दोघींना वेळ लागतो.

कनेक्टरची खिट्टी खाली, तारा घालायचं तोंड आपल्याकडे, की डावीकडून पहिलं घर. जोड्या बसतात १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ मध्ये. खरी मेख ३-६ मध्ये आहे. सरळ ३-४, ५-६ अशा जोड्या दोन्ही टोकांना लावल्या तरी टेस्टर, म्हणजे तारा जुळल्या का ते सांगणारं यंत्र, सगळं ठीक म्हणतो. पण संकेताच्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांत गेलेल्या असतात. उपद्रव वजा होत नाही आणि लांब केबलवर स्पीड कोसळतो. ही चूक टेस्टरच्या बीपला कळत नाही, बोटांना कळते. मला या कामातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पास-थ्रू कनेक्टरच घ्यावेत, त्यांचा क्रिम्पर, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायचा चिमटा, वेगळा असतो. तारा पुढून बाहेर येतात, त्यामुळे दाबण्याआधी क्रम मोजता येतो. पीळ मात्र तेरा मिलिमीटरहून जास्त उकलू नका.

पहिल्या टोकाला जोडीतली कुठलीही तार आधी चालते. दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, बीपवर लावायचा; दोन्ही टोचण्या एकाच तारेला लागल्या की तो वाजतो. एक टोचणी पहिल्या कनेक्टरच्या खाचेत, दुसरी तारेच्या सोललेल्या शेंड्यावर. जोडी पिळावरून ठाऊक असल्याने प्रश्न दोनच तारांचा उरतो, म्हणजे चार बीपमध्ये आठही तारांचा निकाल लागतो. मधल्या दोन जोड्यांचा घोळ असेल तर आणखी एक-दोन बीप. मात्र तपासताना केबल कुठल्याही यंत्राला जोडलेली नको.