किंमत ‘अप्राइझ’मध्ये नाही, ‘अप्रेझ’मध्ये आहे

‘प्लीज अप्रेझ मी ऑफ द स्टेटस.’ ऑफिसच्या मेलमध्ये हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता हसूही येत नाही. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, काम कुठवर आलं ते कळवा. लिहून बसतो, माझी किंमत करा.

स्पेलिंगमध्ये फरक एका ‘ए’चा. तो असला की अप्रेझ (appraise), गळला की अप्राइझ (apprise). घोळ होतो तो कानामुळे. ‘अप्राइझ’मध्ये ‘प्राइस’ ऐकू येते, म्हणून किमतीचा शब्द तोच असं वाटतं. आहे नेमकं उलट.

अप्रेझ म्हणजे पारखणं, मोल ठरवणं. गोल्ड लोन काढायला गेलात की बँकेत तराजू घेऊन बसलेला तो अप्रेझर. पाटली कसोटीवर घासून तो कस बघतो, खडे आणि आत भरलेली लाख वजा करून निव्वळ वजन काढतो, 22 कॅरेट असेल तर शुद्ध सोनं 91.6 टक्के धरतो आणि आकडा सांगतो. पाटली आजीची आहे, हे त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. घर, जमीन, जुनं चित्र यांनाही हाच शब्द. ऑफिसातलं वार्षिक अप्रेझलही याच धातूपासून झालेलं. फक्त तिथे तराजूत आपण असतो. मूळ लॅटिन ‘प्रेतियुम’, म्हणजे किंमत. स्तुती या अर्थाचा ‘प्रेझ’ त्याच घराण्यातला, आणि तो ‘अप्रेझ’च्या स्पेलिंगमध्ये अख्खा बसलेला दिसतो. लक्षात ठेवायला एवढं पुरे.

अप्राइझ म्हणजे कळवणं, कानावर घालणं. हा फ्रेंचमधल्या शिकण्या-शिकवण्याच्या क्रियापदावरून आला. ‘अप्रेंटिस’ त्याचा भाऊ. सरकारी पत्रातल्या ‘आपणांस अवगत करण्यात येते की’चा जो थाट, तोच याचा. याच्यामागून आधी माणूस येतो, मग ‘ऑफ’. अप्रेझला हा ‘ऑफ’ लागत नाही. पाटली थेट अप्रेझ होते. म्हणजे अप्रेझर पाटली अप्रेझ करतो आणि मॅनेजरला रकमेबद्दल अप्राइझ करतो.

गंमत म्हणजे इंग्रजीनेही एके काळी हा घोळ घातलाय. ‘एस’च्या जागी ‘झेड’ घातलेला ‘अप्राइझ’ किंमत ठरवण्यासाठी वापरला जायचा, आणि मोठ्या शब्दकोशांत तो अर्थ अजून सापडतो. मेल लिहिताना मात्र त्याचा आधार घेऊ नका. मी तर सरळ ‘लेट मी नो’ लिहितो.