एक्सपान्शन पॅक (निन्टेन्डो ६४)

एक्सपान्शन पॅक म्हणजे निन्टेन्डो ६४ या गेम कन्सोलची रॅम ४ एमबीवरून ८ एमबी करणारं, वेगळं विकत घेऊन घरीच बसवायचं मेमरी मॉड्यूल. कन्सोल अपग्रेड करता यावा की सगळ्यांच्या घरी अगदी एकसारखा असावा, या जुन्या वादात याचं उदाहरण हमखास निघतं. कारण विकायला ठेवला तेव्हा हा पॅक फारसा कुणाला लागत नव्हता, गेमच्या खोक्यात घालून दिला तेव्हा मात्र लागला.

कन्सोल जपानात जून १९९६ मध्ये आला, अमेरिकेत त्याच वर्षी सप्टेंबरात. पुढच्या बाजूला झाकणाखाली मेमरीचा स्लॉट पहिल्या दिवसापासून होता, म्हणजे अपग्रेडचा विचार नंतर सुचलेला नाही. तो मुख्यतः ६४डीडी या डिस्क ड्राइव्हसाठी ठेवला होता असं मानतात आणि ते पटतं, कारण डीडीला हा पॅक लागतोच. पण डीडी लांबत लांबत डिसेंबर १९९९ मध्ये फक्त जपानात आला, तोवर पॅक स्वतंत्रपणे बाजारात येऊन गेला होता, अमेरिकेत बहुधा १९९८ च्या शेवटच्या महिन्यांत आणि जपानात १९९९ मध्ये.

स्लॉट रिकामा कधीच नसतो. त्यात कारखान्यातूनच जम्पर पॅक नावाचा एक तुकडा बसवलेला येतो, ज्यात मेमरी अजिबात नाही. कन्सोलची रॅम रॅम्बस या कंपनीच्या पद्धतीची आहे आणि तिच्या बसच्या (डेटा वाहणाऱ्या तारांच्या) टोकाला सिग्नल परत उसळू नये म्हणून टर्मिनेशन लागतं, ते काम हा जम्पर करतो. तो काढून टाकला आणि काहीच बसवलं नाही तर स्क्रीन काळाच राहतो, मशीन बिघडलं असं वाटतं. एक्सपान्शन पॅकमध्ये हेच टर्मिनेशन असतं शिवाय ४ एमबी रॅम. जम्पर बोटांनी निघत नाही म्हणून पॅकबरोबर तो उपटायला प्लास्टिकचं एक छोटं अवजार दिलेलं असायचं.

आता ४ एमबी जास्त मिळून होतं काय, तर हिशेब सोपा आहे. या कन्सोलला ग्राफिक्सची वेगळी रॅम नाही, प्रोसेसर, चित्र, आवाज सगळं एकाच जागेत राहतं. ३२० बाय २४० चं चित्र १६ बिट रंगात ठेवायला १,५३,६०० बाइट लागतात, अशी दोन चित्रं (एक दिसणारं, एक बनत असलेलं) आणि कुठली वस्तू किती मागे-पुढे आहे याची नोंद ठेवणारा झेड-बफर धरला तर साधारण साडेचार लाख बाइट, हे ४ एमबीत आरामात बसतं. तेच ६४० बाय ४८० केलं की चौपट, म्हणजे १८ लाखांच्या वर बाइट, जवळजवळ ४४ टक्के रॅम नुसत्या चित्रात गेली आणि गेमला उरली निम्म्याहून थोडी जास्त. म्हणून 'स्टार वॉर्स: रोग स्क्वॉड्रन'सारख्या गेममध्ये पॅक असेल तरच हाय रिझोल्यूशनचा पर्याय मिळतो. प्रोसेसर मात्र तोच ९३.७५ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे चित्र स्वच्छ पण वेग कमी असंही बऱ्याचदा व्हायचं.

पॅक सक्तीचा असलेले मोठे गेम दोनच, 'डाँकी काँग ६४' (१९९९) आणि 'झेल्डा: माजोराज मास्क' (२०००). 'परफेक्ट डार्क' (२०००) पॅकशिवाय सुरू होतो पण एकट्याने खेळायचं कॅम्पेन बंद.

'डाँकी काँग ६४'बरोबर पॅक खोक्यातच दिला होता, आणि का दिला यावर दोन कथा आहेत. हा गेम बनवणाऱ्या रेअर कंपनीचे प्रोग्रॅमर ख्रिस मार्लो यांनी २०१३ मध्ये सांगितलेली अशी की ४ एमबीवर गेम अधूनमधून क्रॅश व्हायचा, बग काही केल्या सापडेना, पॅक लावला की गायब, म्हणून कंपनीने नाइलाजाने पॅक फुकट वाटला. गोष्ट इतकी चविष्ट आहे की ती सगळीकडे पसरली. पण याच गेमचे प्रमुख आर्टिस्ट मार्क स्टीव्हन्सन यांनी २०१९ मध्ये तिला दंतकथा म्हटलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पॅक वापरायचा हे गेम संपायच्या बरंच आधी वरून ठरलं होतं आणि टीमला तो सार्थ ठरेल असं काहीतरी शोधायला सांगितलं होतं, शेवटी एक वाईट बग होता हे खरं पण पॅक हा त्याचा उपाय नव्हता. मार्लो त्याच कंपनीत असले तरी स्टीव्हन्सन प्रत्यक्ष या गेमवर होते आणि खोकं, किंमत, जाहिरात हे सगळं आयत्या वेळी बदलणं अवघड, त्यामुळे दुसरी बाजू जास्त विश्वासाची वाटते. शिवाय पॅक सगळ्यांकडे पोचवायचा तर मोठ्या गेमच्या खोक्यात घालणं हाच सरळ रस्ता होता. सेगा कंपनीने आपल्या सॅटर्न कन्सोलसाठी १९९७ मध्ये जपानात 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'बरोबर ४ एमबीचं रॅम कार्ट्रिज दिलं ते याच हिशेबाने.

एकसारख्या हार्डवेअरच्या बाजूने बोलणारे 'स्पेस स्टेशन सिलिकॉन व्हॅली'कडे बोट दाखवतात. हा १९९८ चा गेम पॅक लावलेला असेल तर क्रॅश होतो, परत जम्पर बसवावा लागतो. ८ एमबीवर तो कुणी नीट तपासलाच नसावा. सेगाच्या जुन्या कन्सोलला लावायच्या ३२एक्सचं उदाहरण आणखी कडू, नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ॲड-ऑन आलं आणि त्याच महिन्यात जपानात सेगाचाच नवा कन्सोल सॅटर्न.

आपल्याकडे तेव्हा घरोघरी फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचे क्लोन आणि 'नाइन थाउजंड इन वन'वाल्या कॅसेट, तिथे रॅम वाढवायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या कन्सोलमध्ये वाढवता येते ती साठवण, रॅम नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये २०२१ पासून एम.२ एसएसडी टाकता येते, पण १६ जीबी रॅम बोर्डावर पक्की सोल्डर केलेली. त्याऐवजी कंपन्या कमी-जास्त ताकदीची दोन मॉडेल विकतात, आणि अडचण तीच येते: २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' एक्सबॉक्सवर उशिरा आला कारण १० जीबी रॅमच्या सिरीज एस या कमी ताकदीच्या मॉडेलवर स्प्लिट-स्क्रीन (एकच स्क्रीन वाटून दोघांनी खेळायचा प्रकार) जमत नव्हता, शेवटी त्या मॉडेलवर तो वगळूनच गेम डिसेंबरात निघाला.