मणक्यात ‘गॅप’ येतो म्हणजे काय? मणका आणि चकती

आमच्या दादरच्या चाळीतल्या काकूंनी परवा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. “हे बघ, मणक्यात गॅप आलाय.” पांढरे ठोकळे एकावर एक, मध्ये काळसर पट्ट्या. काकूंचं बोट अशाच एका पट्टीवर होतं. पण ती पट्टी तिथे असायलाच हवी!

मणका म्हणजे हाड, माळेतल्या मण्यासारखं. अख्खी माळ म्हणजे पाठीचा कणा. मानेत 7, छातीमागे 12, कमरेत 5 मणके सुटे. त्याखालचे मोठेपणी जुळून जातात आणि शेवटी माकडहाड उरतं. सुरमईच्या तुकडीत मधोमध गोल हाड लागतं ना, तो माशाचा मणकाच.

चकती मात्र हाड नव्हे. ती दोन मणक्यांमधली गादी: बाहेर चिवट तंतूंचं कडं, आत पाणीदार गर. अशा 23 चकत्या असतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये तेवढी नसते. एक्स-रेत हाड पांढरं उमटतं, चकती उमटत नाही. तिची जागा रिकामी दिसते, एवढंच. वय वाढतं तसा गर सुकतो, चकती चपटी होते आणि ती जागा अरुंद होते. म्हणजे आपण ज्याला ‘गॅप आला’ म्हणतो, तिथे बहुतेकदा गॅप कमी झालेला असतो. काकूंच्या फिल्मवरही सगळ्यात खालची पट्टी वरच्यांहून बारीक होती. चकती प्रत्यक्ष बघायची तर एमआरआय लागतो.

निरोगी चकतीही रोज थोडी दबते. दिवसभर विरार लोकलमध्ये, ऑफिसात, जिन्यांवर भार पडून तिच्यातलं पाणी निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच.

‘मणका सरकला’ हेही असंच. पुष्कळदा सरकलेला असतो चकतीचा गर. तो बाहेर येऊन नस दाबतो आणि कळ पायापर्यंत जाते. मणकाच पुढे सरकणं हा वेगळा आजार आहे. म्हणून ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पाठ देऊ नका, अशी मी काकूंना अगदी हात जोडून विनंती केली. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.