छातीवरची पट्टी आणि चौदा दिवसांचा डिंक

‘होल्टर लावला होता, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे धडधड मनाचीच.’ नाशिकमध्ये हा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. बहुतेक वेळा तो घाईचा असतो. होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं अंगावरचं यंत्र, साधारण 24 तास लावतात. धडधडीचा झटका सरासरी दहा दिवसांतून एकदा येत असेल, तर तो नेमका त्याच दिवशी सापडण्याची शक्यता 10 टक्के. यंत्र 14 दिवस अंगावर राहिलं, तर ती 77 टक्क्यांवर जाते. (0.9 चा चौदावा घात 0.23, तो 1 मधून वजा करा.) या वजाबाकीवर अमेरिकेत एक अख्खी कंपनी उभी राहिली.

नॉर्मन होल्टर यांनी मोन्टाना राज्यातल्या हेलेना गावी 1940 च्या दशकाच्या अखेरीस जे यंत्र केलं, ते पाठीवर वाहायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे 38 किलो होतं. पुढे यंत्र खिशात मावू लागलं, पण वायरी आणि चिकटवलेली इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीवरून विजेची लहर टिपणाऱ्या टिकल्या, राहिलीच. अंघोळ बंद, कुशीवर झोपणं अवघड. एका दिवसानंतर ते कोणालाही नकोसं होतं. 2006 मध्ये उदय कुमार यांनी स्थापन केलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आयरिदम’ने वायरी काढूनच टाकल्या. छातीच्या डाव्या बाजूला वर चिकटणारी त्यांची ‘झिओ’ पट्टी 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केली. 2016 मध्ये कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली. त्या वर्षीचं उत्पन्न साधारण 6.4 कोटी डॉलर होतं, 2024 मध्ये ते 59 कोटींवर गेलं. या वाढीचं श्रेय सरसकट कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलं जातं. माझ्या मते आधी ते डिंकाला आणि कातडीच्या अभ्यासाला द्यायला हवं.

हृदयाचा ठोका छातीच्या कातडीवर जेमतेम 1 मिलिव्होल्टचा विद्युतदाब उमटवतो. त्यातली ‘पी’ लहर, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची खूण, 0.1 ते 0.2 मिलिव्होल्टची. कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो आणि कोरडा असला की वीज अडवतो. शिवाय कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत तिचा स्वतःचा सुमारे 30 मिलिव्होल्टचा फरक असतो. हात वर केला, कातडी ताणली गेली, की हा फरक काही मिलिव्होल्टने हलतो. म्हणजे ज्या लहरीचा शोध घ्यायचा, तिच्या अनेक पट मोठी खोटी लहर नुसत्या ताणाने तयार होते. इलेक्ट्रोडवर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा लेप असतो, त्यावर मीठयुक्त जेल. धातू आणि जेल यांच्या सीमेवर विद्युतभारांचा दुहेरी थर बसलेला असतो. इलेक्ट्रोड जेलवरून किंचित सरकलं तरी तो विस्कटतो आणि आलेखाची आधाररेषा उड्या मारते. मोटारी, इन्व्हर्टर आणि घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा गोंगाट फिल्टरने गाळता येतो. ताणाचा गोंगाट तसा गाळता येत नाही, कारण त्याची वारंवारता ईसीजीच्या लहरींशीच जुळते. म्हणून उपाय सर्किटमध्ये कमी आणि पट्टीच्या बांधणीत जास्त आहे: मधला कडक डबा कातडीला न चिकटवता तरंगता ठेवायचा, फक्त दोन्ही बाजूंचे लवचीक पंख चिकटवायचे, म्हणजे डबा डुलला तरी इलेक्ट्रोडखालची कातडी ओढली जात नाही. डिंक चिकटतो तो मृत पेशींना. त्या रोज गळत असतात आणि तो थर साधारण दोन ते चार आठवड्यांत पूर्ण बदलतो. पट्टी महिनोन्‌महिने टिकत नाही याचं हे एक मोठं कारण.

एका अभ्यासात 146 रुग्णांना होल्टर आणि ही पट्टी एकाच वेळी लावली. पहिल्या 24 तासांत होल्टरच सरस ठरला: लयदोषाच्या 61 घटना, पट्टीच्या 52. पण पट्टी पुढे 14 दिवसांपर्यंत अंगावर राहिली आणि तिचा आकडा 96 झाला. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका दिवसापुरतं यंत्र किंचित कमी अचूक असलं तरी चिकाटीने ते भरून निघतं.

सेकंदाला 200 नोंदी धरल्या तर 14 दिवसांत 24 कोटींहून जास्त नोंदी होतात, ठोके साधारण 14 लाख. हे डोळ्यांनी वाचणं अशक्य, म्हणून अल्गोरिदम. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याच पट्टीवरच्या 53,549 रुग्णांच्या 91,232 नोंदींवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक प्रणाली, शिकवलं. ते 12 प्रकारच्या लयी ओळखू लागलं. जास्त पट्ट्या, जास्त तपासलेल्या नोंदी, चांगला अल्गोरिदम, आणखी पट्ट्या असं हे चक्र आहे. वाट मात्र सरळ नव्हती. 2021 च्या जानेवारीत अमेरिकी सरकारी विमा योजनेत या तपासणीचे दर फार खाली ठरवले गेले आणि शेअर कोसळला. 2023 मध्ये औषध प्रशासनाने ‘झिओ एटी’ या थेट संदेश पाठवणाऱ्या पट्टीबद्दल इशारापत्र दिलं. संदेशांच्या संख्येला असलेली मर्यादा हा त्यातला एक मुद्दा होता.

जास्त काळ पाहिलं म्हणजे आपोआप आयुष्य वाढतं, असंही नाही. डेन्मार्कच्या ‘लूप’ चाचणीत 6,004 लोक होते. कातडीखाली बसवलेल्या यंत्राने एट्रिअल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, जिने पक्षाघाताचा धोका वाढतो) 31.8 टक्के लोकांत सापडलं, नेहमीच्या पद्धतीने 12.2 टक्क्यांत. तरी पक्षाघातात ठोस घट दिसली नाही. लक्षणं नसलेल्या प्रत्येकाने पट्टी लावावी, ही जाहिरात म्हणून ठीक आहे, वैद्यकीय सल्ला म्हणून नाही. त्र्यंबकेश्वरला मिळणारा रुद्राक्ष श्रद्धेने घाला, पण तो ‘विद्युतचुंबकीय गुणांनी’ ठोके नियमित करतो, याला आधार नाही. पट्टी लावलेल्याने तर माळ, मंगळसूत्र आणि जानवं तिच्यावर घासणार नाही असं बघावं. त्या घासण्याने आलेखात जो गोंगाट येतो, तो चुकीची लय भासवू शकतो.

अशा पट्ट्या भारतातही मिळतात. सूचना कंपनीगणिक थोड्या वेगळ्या असतात, पण चुका त्याच होतात. छातीवरचे केस साफ करून, जागा हलकेच खरवडून, स्पिरिटने पुसावी आणि ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. खरवडलं की मृत थर पातळ होतो आणि ताणाचा गोंगाट उतरतो, म्हणून ही पायरी टाळू नये. तेल, पावडर, मॉइश्चरायझर लावलेल्या कातडीवर डिंक धरत नाही. लावल्यावर पंख मिनिटभर दाबून धरावेत आणि पहिला दिवस अंघोळ व घाम टाळावा. एप्रिल-मेच्या उन्हात द्राक्षबागेत छाटणीला किंवा सातपूर-अंबडच्या भट्टीजवळ कामाला जायचं असेल, तर पट्टी सुट्टीच्या आदल्या दिवशी लावणं शहाणपणाचं. घाम पंखाखाली शिरला की मीठ दोन इलेक्ट्रोडांना जोडतं आणि लहर बारीक होते. पाण्याचा तांब्या पाठीवर घ्यावा, रामकुंडातली बुडी पट्टी उतरेपर्यंत नको. धडधड जाणवली की पट्टीचं बटण दाबायचं, वेळ आणि आपण काय करत होतो ते लिहून ठेवायचं. जिना चढताना आलेली धडधड आणि झोपेतून उठवणारी धडधड डॉक्टर वेगळी वाचतात.

ही पट्टी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. एका लीडवरून, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणाऱ्या नोंदीवरून, रक्तपुरवठा अडलाय का, ते कळत नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर बटण दाबून वाट पाहू नये, 108 ला फोन करावा.

रिपोर्ट हाती आला की निष्कर्षाच्याही आधी एक आकडा शोधावा: 14 दिवसांपैकी किती तासांचा संकेत वाचण्याजोगा होता. तो निम्म्याहून कमी असेल, तर ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ फार लावू नये. नवी पट्टी लावायची का, हे डॉक्टरांना विचारावं.