काळ्या स्क्रीनवर टॉर्च मारून पाहा

"डिस्प्ले गेलाय. नवा टाकावा लागेल, साडेसात हजार." गेल्या महिन्यात एका दुकानात माझ्या पुतणीला हे ऐकवलं गेलं, तेही लॅपटॉप जेमतेम दोन मिनिटं हातात घेऊन. परीक्षा तोंडावर आलेली. रात्री ती तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. बटण दाबलं की पंखा फिरायचा, कॅप्स लॉकचा दिवा लागायचा, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही यायचा. स्क्रीन मात्र काळीठिक्कर. मी खोलीतला दिवा घालवला, मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला जवळजवळ टेकवून तिरपा धरला आणि तिला वाकून बघायला सांगितलं.

"काका, आत सगळं आहे की! माझं फोल्डरसुद्धा दिसतंय."

दिसत होतं, अगदी पुसट, तळ्याच्या पाण्यात खाली पडलेलं नाणं दिसावं तसं. म्हणजे डिस्प्ले गेलेला नव्हता. त्याच्या मागचा दिवा लागत नव्हता. हा फरक ग्राहकाला ठाऊक नसतो म्हणून किती चांगली पॅनेलं भंगारात जात असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

आपण म्हणतो, स्क्रीन "लागली". पण साध्या एलसीडी लॅपटॉपमध्ये चित्र तयार करणारा भाग स्वतः प्रकाशतच नाही. (ओलेड स्क्रीनचं वेगळं, तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि ही टॉर्चची चाचणी लागू पडत नाही.) पॅनेलच्या खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची बारीक पट्टी असते. तिचा प्रकाश एका पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यात शिरतो, पसरतो आणि पुढे येतो. त्याच्यासमोर उभ्या असतात खिडक्या. १३६६ गुणिले ७६८ च्या स्क्रीनवर १०,४९,०८८ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन, म्हणजे ३१ लाखांहून जास्त खिडक्या. प्रत्येक खिडकीला स्वतःचा पडदा आहे. तो कमी-जास्त उघडतो. चित्र म्हणजे एवढंच.

आता हा पडदा. या लेखाचं खरं निमित्त तोच आहे.

प्रकाश ही लहर आहे आणि ती पुढे जाताना आडव्या अंगाने थरथरते, हे आपण शाळेत शिकतो. सूर्याच्या किंवा बल्बच्या प्रकाशात ही थरथर सगळ्या दिशांनी असते: उभी, आडवी, तिरपी. ध्रुवक नावाची पातळ फिल्म त्यातली एकच दिशा पुढे सोडते. उभ्या गजांच्या खिडकीतून ताट बाहेर द्यायचं तर ते उभंच धरावं लागतं, तसं. आता त्या गजांपुढे आडव्या गजांची दुसरी खिडकी बसवा. पहिलीतून निघालेलं उभं ताट दुसरीत अडकणार. लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये नेमकं हेच केलेलं आहे: मागे एक ध्रुवक, पुढे एक, एकमेकांशी काटकोनात. या हिशेबाने स्क्रीन कायम काळी राहायला हवी.

ती उजळते ती मधल्या द्रवस्फटिकामुळे. दोन काचांमध्ये याचा थर असतो तीन ते पाच मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या दहापटीहून जाड. त्याचे रेणू लांबट, काडीसारखे. ते द्रवासारखे वाहतात, पण शेजारच्याशी दिशा जुळवून राहतात. काचांच्या आतल्या बाजूला एक पातळ लेप असतो आणि तो कारखान्यात मऊ कापडाने एकाच दिशेत घासलेला असतो. लेपाला लागून असलेल्या काड्या त्या घासण्याच्या दिशेत आडव्या होतात. मागची काच एका दिशेत घासायची, पुढची तिच्याशी काटकोनात. मग मधल्या काड्यांना दोन्हीकडे जुळवून घ्यायचं तर थोडं थोडं वळत जाण्यावाचून गत्यंतर नसतं. गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी त्यांची रचना होते. आणि प्रकाशाची थरथर या जिन्यावरून वळत वळत येते! मागून उभं निघालेलं ताट पुढच्या गजांपाशी पोचेपर्यंत आडवं झालेलं असतं आणि अलगद बाहेर पडतं.

थराला काही व्होल्टचा दाब दिला की काड्या उभ्या राहतात, काचेकडे टोक करून. जिना मोडतो, ताट वळत नाही, ती खिडकी काळी होते. मधला दाब दिला तर अर्धवट वळण, म्हणून करडी छटा. घासलेल्या कापडाच्या मागे रेणू जातात आणि रेणूंच्या मागे प्रकाश जातो, हे मी कितीदा वाचलं आणि समजावून सांगितलं असेल, तरी त्यातलं नवल अजून संपलेलं नाही.

ही पिळाची रचना स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात काम करणाऱ्या शाट आणि हेलफ्रिश या संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. द्रवस्फटिक मात्र त्याच्या खूप आधीचा. १८८८ मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर यांना गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचं दिसलं. १४५.५ अंशांना ते वितळून गढूळ झालं आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. त्यांनी हे कोडं ऑटो लेहमान या भौतिकशास्त्रज्ञाला पत्राने कळवलं. लेहमानने ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं आणि "वाहणारा स्फटिक" अशी कल्पना मांडली. आपल्याकडे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांच्या गटाने १९७७ मध्ये काडीऐवजी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. आणि चंद्रशेखर यांचेच भाऊ पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये ध्रुवित प्रकाशावर केलेलं काम आज जगभर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. एक भाऊ ध्रुवित प्रकाशाचा, दुसरा द्रवस्फटिकाचा. स्क्रीनमधली दोन्ही शास्त्रं एकाच घरात नांदत होती.

तर टॉर्च. दिवा गेला तरी काड्या आपलं काम करतच असतात, कारण त्यांना दाब देणारी वीज वेगळी. बाहेरून मारलेला प्रकाश त्याच खिडक्यांतून आत जातो, मागच्या पांढऱ्या पृष्ठावर आपटून परत बाहेर येतो. आता हिशेब करा. ध्रुवक निम्मा प्रकाश खातो, रंगाच्या गाळण्या उरलेल्यातला दोन तृतीयांश, तारांची जाळी आणखी काही. समजा विसातला एक भाग पार होतो. टॉर्चच्या प्रकाशाला दोनदा पार व्हायचंय, म्हणजे विसाच्या वीसपट, चारशेतला एक भाग. म्हणून खोली अंधारी हवी आणि टॉर्च अगदी जवळ.

स्क्रीनचा दुसरा नेहमीचा दोष म्हणजे तिच्यावर उमटणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा. त्यांचं गणित याहून किचकट आहे. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने भरलं जातं आणि ते ओळीओळीने. ७६८ ओळी म्हणजे एका ओळीच्या वाट्याला जेमतेम २२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात त्या ओळीतल्या ४,०९८ खिडक्यांचे ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची इवलीशी बटणं, उघडतात, प्रत्येकीत ठरलेला विद्युतभार ओतला जातो, ट्रान्झिस्टर मिटतात, आणि तो भार पुढची पाळी येईपर्यंत १६.७ मिलिसेकंद टिकून राहतो. पुढच्या पाळीला धन-ऋण उलट करतात, कारण काड्यांना त्याचा फरक पडत नाही, पण द्रवात चुकून राहिलेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एकाच बाजूला साचले तर जुन्या चित्राची सावली मागे राहते. हा भार ओतणाऱ्या वाहिन्या काचेच्या कडेला केसाहून बारीक पट्ट्यांनी, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेल्या असतात. काठापासून काठापर्यंत एकच सरळ रेष कायमची दिसत असेल तर बहुधा तिथला एखादा जोड सुटलेला असतो. तो घरी जोडता येत नाही. तिथे पॅनेल बदलणंच खरं.

पण त्याआधी लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवरही रेषा आल्या तर दोष पॅनेलचा नाही, ग्राफिक्सचा आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कधी तेवढ्यानेही भागतं. चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर कीबोर्डशेजारी ठेवू नका. झाकण मिटलंय की उघडं हे लॅपटॉप चुंबकावरूनच ओळखतो, आणि कव्हरच्या चुंबकाने फसून स्क्रीन बंद करतो.

पुतणीच्या लॅपटॉपला शेवटची चाचणी केली: झाकण हळूहळू मागेपुढे हलवलं. एका कोनात स्क्रीन क्षणभर लख्ख उजळली. मग शंका उरली नाही. मदरबोर्डपासून पॅनेलपर्यंत जाणारी केबल बिजागरीतून जाते. दिवसातून दहा वेळा झाकण उघडलं तर वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त वेळा ती वाकते. चित्राच्या आणि दिव्याच्या तारा तिच्यात शेजारी शेजारी असतात. दिव्याची तुटली तर अंधार. चित्राची तुटली तर रंग फाटतात, स्क्रीन फडफडते.

चार्जर काढला, खालचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. ही पायरी कधीही गाळू नका; बॅटरी जोडलेली असताना केबल ओढली तर शॉर्ट होऊन मदरबोर्डवरचा बारीकसा फ्यूज उडू शकतो आणि छोटंसं काम महागात पडतं. मग स्क्रीनभोवतीची चौकट जुन्या एटीएम कार्डाने सावकाश उचकटली. पॅनेलच्या मागे कनेक्टरवर चिकटपट्टी असते, काहींना तारेची छोटी कडी. ती उचलून केबल काचेला समांतर सरकवायची, वर ओढायची नाही. बिजागरीपाशी केबलचं कातडं सोललेलं होतं, आतली एक तार तुटलेली. केबलवरच्या पट्टीवर नंबर होता, त्या नंबरची नवी ६५० रुपयांना मिळाली. पॅनेल घ्यावं लागलं तरी त्याच्या मागचा नंबरच बघायचा. बऱ्याच नंबरांत १५६ असे आकडे असतात, ते १५.६ इंचांचे.

इंटरनेटवरच्या उपायांबद्दल थोडं बोलायलाच हवं. ओरखड्यांवर टूथपेस्ट घासू नका. तिच्यात घासणारे कण असतात आणि सर्वांत वरचा थर हा तोच नाजूक ध्रुवक आहे. डाग जावा म्हणून केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारू नका. ठरावीक तापमानापलीकडे काड्यांची शिस्त मोडते, रायनित्सरला दिसलेलं गढूळ-नितळ हेच, आणि तो भाग काळा पडतो. "अँटी-रेडिएशन" स्टिकर विकणारे तर सरळ फसवतात. एलसीडीतून क्ष-किरण निघतच नाहीत, मग स्टिकर अडवणार काय? आणि खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा आमच्याही घरी होते, पण हळद-कुंकू आणि पाण्याचे थेंब स्क्रीनवर नकोत. थेंब ओघळून खालच्या कडेला उतरतो आणि पॅनेलचं सर्किट नेमकं तिथेच असतं. मिटलेल्या झाकणावर फूल ठेवावं.

केबल बसवल्यावर स्क्रीन पांढरी लख्ख उजळली. मी कपाटातला ध्रुवक काचांचा गॉगल काढून पुतणीच्या डोळ्यांवर ठेवला आणि मान हळूच तिरपी करायला सांगितली. एका कोनात तिला स्क्रीन पुन्हा पूर्ण काळी दिसली आणि ती दचकली. मग गॉगल तसाच ठेवून कंपासपेटीतला पारदर्शक गुण्या स्क्रीनसमोर धरला. प्लास्टिक साच्यात ओतताना त्यात अडकून राहिलेला ताण जांभळ्या, हिरव्या, केशरी पट्ट्यांनी उमटला, सर्वांत दाट कोपऱ्यांत. दुसऱ्या दिवशीचा पेपर बाजूला ठेवून ती कितीतरी वेळ तो गुण्या फिरवत बसली होती.