कंट्रोल आर्म : जीपच्या पुढच्या सस्पेन्शनमधील फेरबदल

खडकाळ, कच्च्या वाटेवर चालवायच्या गाडीचा पुढचा अखंड (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध) अ‍ॅक्सल ज्या लोखंडी दांड्यांनी चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) बांधलेला असतो, त्यांना कंट्रोल आर्म किंवा नुसते लिंक म्हणतात. मोठे टायर बसावेत, पोट दगडाला लागू नये म्हणून गाडी उचलली (लिफ्ट दिली) की या दांड्यांची लांबी, त्यांचे जोड किंवा त्यांच्या बैठका बदलाव्या लागतात. स्प्रिंग बदलणे हे उचलण्याचे अर्धेच काम; उरलेले अर्धे लिंकमध्ये असते, आणि गाडी नंतर रस्त्यावर सरळ चालेल की नाही हे त्या अर्ध्यावर ठरते. हा फेरबदल सर्वाधिक होतो तो जीप रँग्लरमध्ये, म्हणून येथील विवेचन मुख्यतः त्याच गाडीच्या आधाराने केले आहे.

रचना : कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सलला पुढे-मागे, डावी-उजवीकडे धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नसते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सस्पेन्शनमध्ये पाटाच स्प्रिंग आणि पाटाच लिंक. जुन्या सीजे जीप, 1987 ते 1995 ची वायजे रँग्लर किंवा आपल्याकडची मारुती जिप्सी यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलला त्यामुळे वेगळे आर्म नसतात. जीपने पुढच्या अखंड अ‍ॅक्सलला कॉइल आणि चार लिंक दिल्या त्या 1984 च्या एक्सजे चेरोकीपासून. रँग्लरला हीच मांडणी 1997 च्या टीजे मॉडेलमध्ये मिळाली आणि जेके (2007) व जेएल (2018) या पिढ्यांतही ती टिकली. यांतील जेएल 2021 पासून पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली.

दोन लिंक खाली, दोन वर, अशा चौघी अ‍ॅक्सलपासून मागे चॅसीकडे जातात. पाचवा दांडा आडवा असतो, तो ट्रॅक बार : त्याचे एक टोक चॅसीला, दुसरे अ‍ॅक्सलच्या विरुद्ध बाजूला, आणि काम अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देण्याचे. चाक दगडावर आदळले की अ‍ॅक्सल मागे ढकलला जातो आणि खालची लिंक दोन्ही टोकांकडून दाबली जाते. ब्रेक दाबल्यावर अ‍ॅक्सलचा माथा पुढे झुकू पाहतो. तेव्हा वरची लिंक ताणली जाते, खालची पुन्हा दाबली जाते. खालच्या लिंक जाड आणि वरच्या सडपातळ ठेवण्याचे कारण हेच. खडकात वाकते तीही बहुधा खालचीच.

कास्टर : या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक कोन आहे. चाक ज्या वरच्या व खालच्या बॉल जॉइंटभोवती (गोळीच्या सांध्याभोवती) वळते, त्या दोघांना जोडणारी रेघ सरळ उभी नसते, किंचित मागे कललेली असते. सायकलच्या पुढच्या फोर्कचा कल आठवावा. या कलाला कास्टर म्हणतात. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येते आणि हमरस्त्यावर गाडी नाकासमोर जाते, ती कास्टरमुळे. टीजेमध्ये तो सुमारे 7 अंश असतो, जेकेमध्ये 4 अंशांच्या थोडा वर. तो दीड-दोन अंशांवर आला की चालकाच्या हाताला लगेच कळते : स्टेअरिंग हलके, भिरभिरते लागते, वळणानंतर ते आपण होऊन परतत नाही आणि शेजारून ट्रक गेला तरी गाडी लेन सोडू पाहते.

बॉल जॉइंट ज्यात बसतात ती टोके अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्ड केलेली असतात. म्हणजे कास्टर बदलायचा तर अख्खा अ‍ॅक्सलच फिरवावा लागतो, आणि त्याला फिरवणारे हात म्हणजे या लिंक.

गाडी उचलल्यावर काय होते : लिंक चॅसीवरच्या बोल्टभोवती कंसात फिरते. टीजेची खालची लिंक एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे 400 मिमी आहे. ती आडवी आहे असे धरून अ‍ॅक्सल 100 मिमी खाली नेला, तर लिंक 14.5 अंशांनी कलते आणि अ‍ॅक्सल जवळजवळ 13 मिमी मागे ओढला जातो. पूर्ण वळणात टायर मागच्या पत्र्याला घासू लागतो तो यामुळे. वरच्या आणि खालच्या लिंकची लांबी व मूळचा कल सारखा नसल्याने दोघींचे कंसही जुळत नाहीत. अ‍ॅक्सल मागे सरकताना फिरतोही, आणि रँग्लरच्या मांडणीत तो फिरतो कास्टर घटवणाऱ्या दिशेने.

आणखी एक परिणाम लोक शॉकअपच्या माथी मारतात. तीव्र उतरत्या लिंकवरच्या चाकाला वर जायचे असेल तर कंसामुळे आधी थोडे पुढे जावे लागते, म्हणजे नेमके खड्ड्याच्या कडेवर चाल करून. कड चाकाला मागे ढकलते, लिंक पुढे रेटते, आणि तो झगडा धक्का बनून सीटपर्यंत पोहोचतो. महागडे शॉकअप घालूनही उचललेली गाडी आपटते, तेव्हा आधी लिंकचा कल पाहावा.

उपाय : सर्वांत स्वस्त उपाय कॅम बोल्टचा. अ‍ॅक्सलकडच्या भोकात मध्यापासून सरकलेला बोल्ट घालून तो फिरवला की लिंकचे टोक काही मिलिमीटर पुढे जाते. 50 मिमीपर्यंतच्या लिफ्टला हे पुरते. मात्र सगळा भार त्या लांबट भोकाच्या कडेवर येतो, आणि खडकात नेहमी चालणाऱ्या गाडीत बोल्ट सरकला की मिळवलेला कास्टर गेला. शहरात चालणाऱ्या, वर्षातून दोनदा घाटमाथ्यावर जाणाऱ्या गाडीपुरताच तो ठीक.

दुसरा उपाय ड्रॉप ब्रॅकेट. लिंकची चॅसीकडची बैठकच खाली आणली की लिंक पुन्हा जवळजवळ आडवी होते, कास्टर परत येतो आणि वर सांगितलेली आपटही जाते. रस्त्यावरच्या आरामाचा विचार केला तर 75 मिमीच्या आसपासच्या लिफ्टला याच्याइतका चांगला उपाय नाही, असे या नोंदकाराचे मत आहे. ज्या दगडावरून पोट जावे म्हणून गाडी उचलली, त्याच दगडाला ब्रॅकेट अडकतो, हा त्याचा दोष.

तिसरा उपाय म्हणजे लिंकच बदलणे. कारखान्याच्या पत्र्याच्या दाबीव लिंकच्या जागी जाड नळीच्या लिंक येतात. 2 इंच व्यासाची, पाव इंच जाडीची पोलादी नळी त्यासाठी सर्रास वापरतात. त्यांची लांबी ठरावीक असते किंवा आटे फिरवून कमीजास्त करता येते. थोडे गणित येथे उपयोगी पडते. समजा अ‍ॅक्सलवर वरच्या व खालच्या लिंकच्या बोल्टमध्ये उभे अंतर 200 मिमी आहे. खालची लिंक 3.5 मिमी लांब केली की कास्टर एक अंशाने वाढतो. तेवढीच वरची लिंक आखूड केली तरी कोन तोच मिळतो, पण अ‍ॅक्सल मागेच राहतो. म्हणून खालची लांब करणे बरे : मागे गेलेले चाकही त्यात मध्यावर येते.

लाँग आर्म किटमध्ये चॅसीकडच्या मूळ बैठका कापून लिंक बऱ्याच मागे, गिअरबॉक्सखालच्या नव्या आडव्या पट्टीवर नेतात. वरच्याच उदाहरणात लिंक 400 ऐवजी 800 मिमी असती, तर 100 मिमी उतरताना कल 7 अंशांच्या जेमतेम वर गेला असता आणि अ‍ॅक्सल मागे सरकला असता फक्त 6 मिमी. टीजे आणि एक्सजेच्या आखूड लिंकना याचा फरक चटकन जाणवतो. कापणे आणि वेल्ड करणे मात्र परतीचे नसते, आणि चॅसीवरचे वेल्ड अनुभवी हातानेच व्हावे.

दुसरे टोक, पिनिअन : वरच्या हिशेबाने कास्टर हवा तेवढा वाढवता आला असता तर प्रश्नच नव्हता. डिफरन्शियलचा गोळाही त्याच नळीवर असतो. कास्टर वाढवला की पिनिअनचे (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट ज्याला जोडला जातो त्या दात्याचे) तोंड खाली जाते, आणि उंच झालेल्या गाडीत ट्रान्स्फर केसकडून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याकडून) येणारा पुढचा शाफ्ट त्याला आणखी तिरका भेटतो. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) लवकर झिजतो, वेगात घुमणारा आवाज येतो. जेकेच्या पुढच्या शाफ्टला कारखान्यातून क्रॉसऐवजी रबरी बूट असलेले जॉइंट येतात. कोन वाढला की बूट फाटतो, ग्रीस उडते आणि जॉइंट कोरडा पडतो. कास्टर आणि शाफ्ट, दोन्ही बाजू पूर्ण समाधानी कधीच होत नाहीत. जाणता कारागीर शाफ्टला सोसवेल तेथे थांबतो आणि मूळ आकड्यापेक्षा अंश-दीड अंश कमी कास्टर पदरात घेतो. त्याहून जास्त हवा असेल तर अ‍ॅक्सलच्या टोकांचे वेल्ड कापून ती फिरवून पुन्हा जोडावी लागतात.

जोड : लिंकच्या टोकाला काय आहे, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. कारखान्याचे रबरी बुश (बोल्टभोवतीची कडी) आवाज गिळतात, ग्रीस मागत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. मात्र ठरावीक पिळापलीकडे ते अ‍ॅक्सलला तिरके होऊ देत नाहीत. पॉलियुरेथेनचे कडक बुश रस्त्यावर नेमके वाटतात, पण एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात अशा वेळी तेच अ‍ॅक्सलला जखडतात. उघडा लोखंडी रॉड एंड (आत गोळी असलेला सांधा) सगळीकडे फिरतो; चिखल-वाळूत तो पहिल्याच पावसाळ्यात खडखडू लागतो. या दोन टोकांमधला मार्ग म्हणजे पॉलियुरेथेनच्या वाट्यांत बसवलेला, ग्रीस भरता येणारा गोल जोड. करी कंपनीचा जॉनी जॉइंट हा त्यातला सर्वांत परिचित. लिंकच्या एका टोकाला असा जोड आणि दुसऱ्या टोकाला रबर, ही जोडणी रोज वापरायच्या गाडीला उत्तम.

डेथ वॉबल : अखंड अ‍ॅक्सलच्या उचललेल्या गाडीत 70-80 किमी वेगाला एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे इतक्या जोराने फडफडू लागतात की स्टेअरिंग हातात धरवत नाही. वेग अगदी कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. याचे मूळ बहुतेक वेळा ट्रॅक बारच्या सैल बोल्टात, अंडाकृती झालेल्या भोकात किंवा झिजलेल्या बॉल जॉइंटात असते. लिंकचे संपलेले बुश आणि घटलेला कास्टर त्याला खतपाणी घालतात. स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे हादरे शोषणारा शॉकअप) बदलून ते काही दिवस दबते. दबलेले दुखणे पुढच्या मोठ्या खड्ड्यावर परत येते, म्हणून डँपर विकत घेण्याआधी इंजिन चालू ठेवून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक जोडावर हात ठेवावा. सैल बोल्ट बोटांना कळतो.

ट्रॅक बारची लांबीही लिफ्टबरोबर बदलावी लागते. ती तशीच ठेवली तर तो ज्या बाजूला चॅसीला बांधलेला असतो त्या बाजूला अख्खा अ‍ॅक्सल सरकतो. शिवाय त्याचा कल स्टेअरिंगच्या ड्रॅग लिंकला (वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याला) समांतर राहिला नाही, तर प्रत्येक उसळीला गाडी आपोआप वळते.

बसवताना : चारही लिंक एकाच वेळी सोडू नयेत. एकीचे बोल्ट काढायचे, नवी लिंक जुनीशी लावून मोजायची, बसवायची, मग दुसरी. भोक जुळत नसेल तर अ‍ॅक्सलला पट्टा बांधून रॅचेटने ओढतात; हातोडीने बोल्ट ठोकला की आटे जातात. डाव्या-उजव्या लिंकची लांबी सारखी नसेल तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. आटे किमान बोल्टच्या व्यासाइतके आत असावेत, आणि लॉकनट घट्ट आहे ना हे शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा पाहावे.

सर्वांत जास्त चुकते ते रबरी बुशच्या बाबतीत. गाडी स्टँडवर, चाके हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर बुश त्याच खालच्या स्थितीत पकडला जातो. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने लावून, गाडी चाकांवर उतरवून, पुढचे टोक दोन-तीनदा दाबून मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. पाच मिनिटांचे हे काम टळल्यामुळे चांगले बुश फुकट जाताना दिसतात, तेव्हा हळहळ वाटते.

इतर मांडण्या : सर्वच कॉइलच्या गाड्यांत चार लिंक नसतात. 1966 ची फोर्ड ब्रॉन्को, 1970 ची रेंज रोव्हर, 80 मालिकेतील टोयोटा लँड क्रूझर आणि सुझुकी जिम्नी यांत प्रत्येक बाजूला एकच रेडियस आर्म असतो, जो अ‍ॅक्सलला दोन बुशांनी आणि चॅसीला एका बुशाने जोडलेला असतो. तेथे हिशेब सोपा पण निष्ठुर : आर्म जितक्या अंशांनी कलतो तितके अंश कास्टर जातो. 800 मिमीचा आर्म 50 मिमी उतरला तर साडेतीन अंशांहून जास्त. त्यावर मध्यापासून सरकलेले भोक असलेले कास्टर बुश मिळतात. 2023 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या पाच दारी जिम्नीला लिफ्ट देणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा पडतो. 2020 च्या महिंद्रा थारसारख्या गाडीत पुढे अखंड अ‍ॅक्सलच नाही, डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली स्वतंत्र आर्म) आहेत; तेथे बदलायचा तो वरचा आर्म, बॉल जॉइंटचा कोन आणि कास्टर-कॅम्बर (कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल) जागेवर आणण्यासाठी.

भारतात या सगळ्याला कायद्याची चौकट आहे. मोटर वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे मोठे फेरबदल केलेल्या स्पर्धेच्या गाड्या ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर नेणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.