हातापायाच्या काड्या आणि साठी बुद्धी नाठी, हे दोन जोडले कधी गेले?

म्हातारपणाबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी कायम ऐकू येतात, हातापायाच्या काड्या झाल्या आणि साठी बुद्धी नाठी. पण दोन्हीची खाती वेगळी. पहिलीसाठी टॉनिक आणि दुसरीसाठी, नेलंच तर, न्यूरॉलॉजिस्ट. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर लोकांकडेही बरीच वर्षं असंच चालू होतं.

ज्याच्या नावाने विसराळूपणाचा तो आजार ओळखला जातो त्या जर्मन डॉक्टर अल्झायमरने त्याची ती प्रसिद्ध केस १९०६ मध्ये मांडली, पण वयानुसार मांस उतरतं त्याला धड नावसुद्धा नव्हतं. १९८८ ला अमेरिकेत अल्बुकर्कीला एक मीटिंग झाली, तिथे अर्विन रोझेनबर्ग म्हणाले की लोकांनी हे सीरियसली घ्यावं असं वाटत असेल तर आधी नाव द्या, आणि ग्रीकमधून सार्कोपेनिया हा शब्द आला, म्हणजे मांसाची उणीव. मला वाटतं अर्धं काम त्या नावानेच केलं. मग १९९० मध्ये बॉस्टनला मारिया फियातारोने यांनी वृद्धांची काळजी घेणाऱ्या निवासी संस्थेतल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून चक्क वेट ट्रेनिंग करून घेतलं, आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली!

मेंदूचा धागा जुळला तो जास्त करून २००९ नंतर. शिकागोच्या रश सेंटरने ९०० हून जास्त वृद्धांची ताकद मोजली आणि सरासरी ३.६ वर्षं लक्ष ठेवलं, १३८ जणांना अल्झायमर झाला, आणि ज्यांचे स्नायू सुरुवातीला कमजोर होते त्यांच्यात धोका जास्त दिसला. आता इथेच गोची आहे. अल्झायमर मेंदूत बरीच वर्षं गुपचूप मुरत असतो, त्यात माणूस हलायचा कमी होतो, जेवण कमी होतं, वजन उतरतं, मग आधी काय गेलं, मेंदू की मांडी? ३.६ वर्षांत हे सुटत नाही.

उलट्या बाजूने म्हणजे स्नायूकडून मेंदूकडे काही जातं का, हा शोध कोपनहेगनच्या बेंते पेडरसन यांच्यामुळे पुढे गेला. काम करणारा स्नायू रक्तात रसायनं सोडतो, त्यांना २००३ मध्ये त्यांनी मायोकाइन म्हटलं. २०१२ ला हार्वर्डमधून आयरिसिन नावाचं असंच एक रसायन पुढे आलं, २०१९ मध्ये उंदरांच्या स्मरणशक्तीवर त्याचा फायदा दिसला. उंदरांच्या हं. माणसाच्या रक्तात ते नीट मोजता येतं का यावरूनच भांडणं झाली.

२०२४ च्या शेवटी जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी तर एमआरआयमध्ये कानशिलाजवळचा, चावताना हलतो तो स्नायू मोजला, ज्यांचा बारीक त्यांना पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका जास्त. आयडिया मस्त, कारण मेंदूच्या स्कॅनमध्ये तो फुकटातच दिसतो.

आणि यात पुण्याचाही एक धागा आहे. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण दिसायला बारीक, आत मांस कमी. त्यामुळे वजनकाट्यावरून काही कळत नाही, यंत्रावर मूठ आवळायला लावून पकडीचा जोर मोजावा लागतो. सार्कोपेनियाच्या २०१९ च्या आशियाई निकषांत पकडीचा जोर पुरुषांना २८ किलो आणि बायकांना १८ किलो, याच्या खाली गेलं की ताकद कमी धरतात.